‘नकोशी’चे नाव बदलले, हाकेचे काय?

ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा येथे झालेल्या एका समारंभात जिल्ह्यातील 285 मुलींना त्यांच्या नव्या नावांची प्रमाणपत्रे देण्यात आली. त्या दिवसापर्यंत या मुलींची नावे ‘नकोशी’, ‘नकुशी’, ‘नकुसा’ अशी होती. घरात मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, की तिचे नाव ‘नकोशी’ ठेवावे, म्हणजे तिच्या पाठीवर मुलगा होतो, अशी समजूत त्यामागे होती. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने अशा मुली शोधून काढल्या आणि त्यांना नवी नावे मिळवून दिली. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी चित्रपटातील नायिकेचे. पंधरा वर्षांच्या एका मुलीने त्या वेळी वार्ताहरांना सांगितले, की आता शाळेतले सोबती आपल्याला नव्या नावाने हाक मारतील आणि याचा आपल्याला फार आनंद होतो आहे.

तिच्या डोळ्यांपुढे हातातले प्रमाणपत्र नव्हते, हाक होती, आणि ते बरोबरच होते. नाव कागदावर एकदा लिहिले जाते, पण हाक रोज मारली जाते. सकाळी उठवताना, पाणी आणायला पाठवताना, शाळेत हजेरी घेताना, खेळात गडी निवडताना, दवाखान्यात केसपेपर काढताना, दहावीचा अर्ज भरताना, प्रत्येक ठिकाणी त्या मुलीला ‘तू आम्हाला नको होतीस’ हेच ऐकवले जात होते. आणि ऐकवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात तिच्याविषयी काहीही वाईट नव्हते. ‘नकुशे, चार घास खाऊन घे,’ असे म्हणणाऱ्या आजीच्या आवाजात मायाच असणार. हजेरी घेणाऱ्या गुरुजींनी तर त्या शब्दाचा अर्थ मनात आणणेही केव्हाच सोडून दिलेले असणार. कोणाचा राग नाही, भांडण नाही, अमुक दिवशी अमुक झाले असे सांगण्याजोगा प्रसंग नाही, आणि तरीही दहा-पंधरा वर्षे एकाच जागी रोज बोट दाबले जात आहे, अशी ही जखम होती.

रोजच्या भावनिक जखमांविषयी आपल्याकडे गंभीरपणे बोलणे अवघड जाते, ते याच कारणाने. मोठा आघात सर्वांना कळतो. अपघात, मृत्यू, बलात्कार, दंगल यांतून गेलेल्या माणसाच्या मनावर परिणाम होणार, हे आता खेड्यापाड्यांतही मान्य झाले आहे. लहान जखमेला मात्र तारीख नसते, साक्षीदार नसतो आणि बहुतेक वेळा गुन्हेगारही नसतो. त्यामुळे ती ज्याला झाली आहे तोच ‘एवढे काय त्यात’ असे स्वतःला बजावत राहतो आणि आजूबाजूचे लोक त्याला दुजोरा देतात. माझे म्हणणे असे आहे, की ही जखम रोज होते म्हणूनच खोल जाते, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकणे आपण थांबवले पाहिजे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य आपण सांत्वन म्हणून वापरतो, पण त्यातून घडलेल्या गोष्टीचा सारा भार जखमी माणसाच्याच खांद्यावर येतो.

माझ्या आत्याचे उदाहरण देतो. ती आता एकाहत्तर वर्षांची आहे. हसताना ती पदराचे टोक तोंडावर धरते, आणि आम्ही भाचरे लहानपणापासून हा तिचा शालीनपणा समजत आलो. घरातल्या सुनांना तिचे उदाहरणही दिले जाई. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात छायाचित्रकाराने तिला हात खाली घ्यायला सांगितले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ती एकदम उठून आत निघून गेली. संध्याकाळी तिने सांगितले ते असे. ती चौथीत असताना तिचे काका, घरी पाहुणे आले की, सगळ्यांदेखत तिला म्हणायचे, ‘ए दाताळ, तोंड मिटून हस.’ पाहुणे हसायचे, तीही हसायची, तोंड मिटून. काकांचा तिच्यावर जीव होता. तिच्या शाळेची फी त्यांनीच भरली आणि तिच्या लग्नात सर्वांत जास्त तेच रडले, हेही तिनेच सांगितले. ते जाऊन तीस वर्षे झाली. आपण असे काही बोलत होतो हे त्यांना शेवटपर्यंत आठवलेही नसेल. आत्याचे पुढचे दात प्रत्यक्षात किती पुढे आहेत हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी ते नीट पाहिलेलेच नाहीत.

साठ वर्षे एक हात अडकून राहिला, आणि त्याला कारण म्हणून दाखवायला फक्त एक थट्टेचे वाक्य आहे. ‘एवढ्याशा बोलण्याने कोणाचे काय बिघडते?’ असे विचारणाऱ्याला मी हा हात दाखवीन. तिचा संसार बिघडला नाही, तिला कुठला आजार जडला नाही, कोणत्याही पाहणीत तिची नोंद होणार नाही. परंतु माहेरच्या भजनी मंडळात तिचा आवाज सर्वांत चांगला असूनही ती कधी पुढच्या रांगेत बसली नाही, आणि लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी होकार दिला यातच तिने धन्यता मानली. असे लहानलहान संकोच आयुष्यभर साठत जातात, आणि माणूस काय मागू शकला असता आणि काय मागितले नाही याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

मराठीला या जखमा फार पूर्वीपासून ठाऊक आहेत, हे आपल्या शब्दांकडे पाहिले तरी कळते. टोमणा आणि खोचक बोलणे यांत फरक आहे, टाकून बोलणे वेगळे आणि घालूनपाडून बोलणे वेगळे. हिणवणे, पाणउतारा करणे, उणेदुणे काढणे, लागट बोलणे, चारचौघांत फजिती करणे, प्रत्येकाची जात निराळी आहे आणि मराठी माणसाला ती न समजावता कळते. परिणामांसाठीही शब्द आहेत: बोल जिव्हारी लागतो, सल राहतो, मनात घर करतो, माणूस मनातून उतरतो. एवढी बारकाईची भाषा असलेल्या समाजाने या गोष्टीला ‘बायकी बोलणे’ किंवा ‘घरातली कुरबुर’ म्हणून सार्वजनिक चर्चेबाहेर ठेवावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

या यादीतला एक शब्द, ‘अबोला’, वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. आपल्या घरांत ही शिक्षा सर्रास वापरली जाते, आणि त्यात हात उगारलेला नसतो, आवाज चढलेला नसतो, म्हणून ती सौम्य समजली जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात काही महिन्यांच्या बाळांबरोबर एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीप्रमाणे खेळते, मग दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून नुसती पाहत राहते. बाळ आधी हसून पाहते, मग हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच प्रतिसाद मिळत नाही असे दिसले की तोंड फिरवते, कोमेजते किंवा रडू लागते. ही अवघी दोन-तीन मिनिटांची गोष्ट आहे. चार-चार दिवस आई किंवा वडील एकाच घरात वावरत असूनही आपल्याकडे पाहत नाहीत, हे सहा वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल, ते या प्रयोगावरून ताडता येते. मात्र ट्रॉनिक यांच्या कामातली दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. चांगल्या मायलेकरांतही बराच वेळ सूर जुळलेला नसतो, असे त्यांना दिसले. तो तुटतो आणि पुन्हा जुळवला जातो, आणि या पुन्हा जुळवण्यातूनच मुलाचा विश्वास घडत जातो. चूक न करणारे आईवडील कोणालाही मिळत नाहीत. चुकल्यावर जवळ घेणारे मिळाले की नाही, यावर पुढचे बरेच ठरते.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावाही आहे. 1990च्या दशकात अमेरिकेत सान डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी 17 हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन यांच्या बरोबरीने त्यात एक प्रश्न असा होता, की घरातील मोठी माणसे तुम्हाला वारंवार शिव्या देत, अपमान करीत किंवा कमी लेखत असत का. बालपणीच्या अशा प्रतिकूल अनुभवांचे प्रकार जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, दारूचे व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, एवढेच नव्हे तर हृदयविकाराचेही प्रमाण अधिक, असे 1998 पासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. हा अभ्यास आठवणींवर आधारलेला आहे, आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी झाली असे म्हणता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही प्रश्नातील ‘वारंवार’ या शब्दाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. संशोधकांना एकदाच झालेला अपमान मोजायचा नव्हता, रोजचा मोजायचा होता. शरीराचे ताणाला तोंड देण्याचे जे रसायन आहे, ते संकट आले की वाढावे आणि संकट टळले की उतरावे अशी निसर्गाची योजना आहे. ज्या घरात किंवा वर्गात पुढचा टोमणा केव्हा येईल याचा नेम नसतो, तिथे ते पुरते उतरत नाही.

‘पण आम्हीही मार खाल्ला, बोलणी खाल्ली, आमचे काय वाईट झाले?’ हा आक्षेप मी घरी, कट्ट्यावर, शिक्षकांच्या खोलीत, सर्वत्र ऐकला आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही. त्यामागे खरा अनुभव आहे, आणि आजकाल ‘ट्रॉमा’ हा शब्द बसची जागा न मिळाल्याबद्दलही वापरला जातो, याचा वैतागही आहे. प्रत्येक दुखावणे ही जखम नव्हे. मित्र तोडून बोलला, साहेबांनी चूक दाखवली, परीक्षेत गुण कमी पडले, यांनी माणूस दुखावतो आणि सावरतो. सावरता येते याचे कारण तो उलट बोलू शकतो, दुसरीकडे जाऊ शकतो, कोणाजवळ तरी मन मोकळे करू शकतो. जखम टिकते ती जिथे यांपैकी काहीच करता येत नाही तिथे: बोलणारा मोठा आणि ऐकणारा त्याच्यावर अवलंबून, बोलणे पुन्हा पुन्हा होणारे, आणि ऐकून घेणारे कोणी नाही. मूल, नवी सून, शिकाऊ कामगार, म्हातारपणी मुलाच्या घरी राहणारी आई, यांची गाठ याच परिस्थितीशी पडते. त्यामुळे ‘आजची पिढी नाजूक आहे का’ या वादापेक्षा उलट बोलण्याची मुभा कोणाला नाही, हा प्रश्न मला अधिक कामाचा वाटतो.

याच आक्षेपाचे दुसरे रूप असे, की अपमानानेच माणसे पेटून उठतात आणि मोठी होतात. याला दाखला म्हणून अनेकदा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले जाते. अस्पृश्यतेची क्रूरता आणि घरातला टोमणा यांना मी एका तराजूत घालत नाही. त्या व्यवस्थेला धर्माचा आणि रूढीचा आधार होता. पण बाबासाहेबांनी आपल्या शाळेविषयी जे लिहून ठेवले आहे ते पाहावे. वर्गात बसायला त्यांना वेगळे गोणपाट होते आणि ते रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेतील नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तरी नळ शिपायाने उघडून दिल्याशिवाय पाणी नाही, आणि शिपाई नसेल तर पाणीच नाही. न्यूयॉर्क आणि लंडन येथील विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या, कायदेमंडळात बोलणाऱ्या माणसाला ते गोणपाट आणि तो नळ इतक्या बारकाव्यांनिशी आठवत होता, ही गोष्ट अपमानाची थोरवी सांगत नाही. अपमान किती काळ जिवंत राहतो, हे ती सांगते. आणि त्या नळापाशी तहानलेली उभी राहिलेली, मग शाळाच सोडून गेलेली जी हजारो मुले होती, त्यांच्यातील किती जण मोठे झाले असते हे आपल्याला कधीच कळणार नाही. जो वाचला त्याचे उदाहरण देऊन पुराचे समर्थन करता येत नाही.

आपल्या कायद्याने ही बाब समाजाच्या आधी ओळखली, हे नोंदवले पाहिजे. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात हिंसेच्या व्याख्येत शाब्दिक आणि भावनिक छळाचा स्पष्ट समावेश आहे. अपमान, टिंगल, नावे ठेवणे, आणि विशेषतः मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे. म्हणजे ‘नकोशी’च्या आईला जे ऐकावे लागत होते त्याला संसदेने हिंसा म्हटले आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास एकाच वाक्यात मनाई केली. पंधरा वर्षांत त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग बऱ्याच शाळांत रुजला. छडी कपाटात गेली, याबद्दल शिक्षकांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. दुसरा अर्धा भाग मात्र कायद्याच्या पुस्तकातच राहिला. वळ दिसला तर पालक शाळेत जातात. ‘तुझ्या डोक्यात शेण भरले आहे’ हे वाक्य घरी आले तर ‘मग अभ्यास कर’ असे सांगून विषय संपतो. उत्तरपत्रिका गुणांच्या क्रमाने, नाव पुकारून वाटण्याची पद्धत मी शिकलो तेव्हा होती, आणि ती आजही अनेक वर्गांत आहे. पहिल्या पाच जणांची नावे टाळ्यांत जातात. पस्तिसाव्या नावाला वर्ग हसू लागतो, आणि शेवटचे मूल आपली पत्रिका घ्यायला बाकापासून टेबलापर्यंत चालत जाते ते अंतर वर्षातून सहा वेळा, दहा वर्षे, चालत राहते. यात शिक्षकाने एकही वाईट शब्द उच्चारलेला नसतो.

शिक्षकांवर सारे ढकलून मोकळे होणे मात्र मला मान्य नाही. एका वर्गात साठ मुले, वर सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, रोजचे ऑनलाइन अहवाल, आणि बैठकीत सर्वांदेखत अधिकाऱ्याने केलेला पाणउतारा. त्या बैठकीतून उठून थेट वर्गावर येणाऱ्या गुरुजींच्या तोंडून काय निघेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. अपमान वरून खाली झिरपत येतो आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्यापाशी मुरतो. म्हणूनच हा एकेकट्या घराचा किंवा एकेका शिक्षकाच्या स्वभावाचा प्रश्न नाही. ज्या खात्यात अधिकारी शिक्षकाशी कसा बोलतो याला महत्त्व नाही, त्या खात्याच्या शाळेत मुलांशी गोड बोलण्याची परिपत्रके निरुपयोगी ठरतात.

जखम रोजची असेल तर उपायही रोजचाच असावा लागतो. केंद्र शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा उपयोग आहे आणि तो वाढला पाहिजे. पण आपल्याला काही झाले आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो फोन करणार नाही. माझ्या आत्याने केला नसता. अशा माणसाला आधार मिळतो तो रोज जवळ असणाऱ्यांकडूनच. हवाई बेटांपैकी कवाई येथे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 साली जन्मलेल्या सुमारे सातशे मुलांचा पाठपुरावा ती चाळिशीला पोहोचेपर्यंत केला. गरिबी, व्यसन, भांडणे अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार, आत्मविश्वासू, मायाळू माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी मोठे माणूस होते ज्याला ती मनापासून हवी होती: आजी, मावशी, शेजारीण, एखादे शिक्षक. ‘हवी होती’ हे शब्द मी मुद्दाम लिहितो. ‘नकोशी’ला प्रमाणपत्र देणे आवश्यकच होते, आणि ज्यांनी ते केले त्यांचे उपकार आहेत. पण ते एका दिवसात झाले. तिच्या नव्या नावाची हाक मात्र घरातल्या प्रत्येकाला रोज मारावी लागली असणार, जुने नाव ओठांवर आले की थांबून, सुधारून.

म्हणून मी एक अगदी छोटी आणि करता येण्याजोगी मागणी करतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीच्या सभेत पोषण आहाराचा तांदूळ, गळके छप्पर, स्वच्छतागृहाचे दार, गणवेश यांवर बोलणे होते, आणि ते झालेच पाहिजे. त्याच कागदावर आणखी एक विषय कायमचा असावा: या महिन्यात आपल्या शाळेत मुलांशी आणि शिक्षकांशी कोण कसे बोलले. कोणाला शिक्षा करण्यासाठी हा विषय नको, नाहीतर तो पहिल्याच सभेत मरेल. उत्तरपत्रिका नाव न पुकारता बाकावर ठेवल्या जाव्यात, मुलाला चारचौघांत बोलले असेल तर त्याची माफीही चारचौघांत मागितली जावी, आणि शिक्षकाचा बैठकीत पाणउतारा झाला असेल तर समितीने तसे लेखी कळवावे, एवढे तीन ठराव पहिल्या वर्षासाठी पुरेत. आमच्या गावच्या शाळेच्या समितीला मी या आशयाचे पत्र दिले आहे. पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे.